काँग्रेस गवत काढल्यावर आईच्या मानेवर, पापण्यांवर पुरळ. घरी काय करू?

येळ्ळूरची_लेक

नमस्कार मंडळी. आईसाठी विचारतेय, जाणकारांनी जरूर सांगा.

भाताची भांगलण उरकली आणि आई शेजारच्या बायकांना घेऊन बांधावरचं काँग्रेस गवत काढायला गेली. गवत कमरेएवढं वाढलेलं, पांढऱ्या फुलांनी भरलेलं. सगळ्यांनी हातानंच उपटलं. रात्री मानेला खाज सुटली, सकाळी पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. आता मान, ब्लाऊजच्या गळ्यावरचा उघडा भाग, कोपराच्या आतली घडी, सगळीकडे लालभडक बारीक पुरळ आहे. मानेवर दोन ठिकाणी खाजवून खाजवून लस यायला लागलीय. ब्लाऊजखालचं झाकलेलं अंग मात्र एकदम स्वच्छ. सोबतच्या बायकांना काहीच झालं नाही, म्हणून आई म्हणते हे गवतानं नव्हे, उष्णतेनं उठलंय.

घरात प्रत्येकाचा वेगळा उपाय. काकू म्हणतात कडुलिंबाचा पाला वाटून लाव, मामा डेटॉलनं पूस म्हणतात. मेडिकलमधून एक ट्यूब आणलीय, वर तीन-तीन औषधांची नावं आहेत. अजून लावलेली नाही. आईला शुगर आहे, म्हणून जास्त भीती वाटते. रात्रभर तिला झोप नाही.

वडगावची_आज्जी

बाळ, आधी आईला म्हणावं नखं काप. खाजवून जखम केली की मग काही लावलं तरी झोंबतंच.

आमच्याकडं अंगावर पित्त उठलं की आमसुलं भिजत घालून ते पाणी लावतात. गार वाटतं. कडुलिंबाच्या पाण्यानं आंघोळ आम्ही लहानपणापासून करत आलोय. पण वाटलेला पाला जखमेवर लावू नकोस, आग होते. आणि लस येतेय तिथं आमसूलपण नको, आंबट आहे ते.

पीएचसीतली_ताई

मी बेळगावकडच्या खानापूर भागात नर्स आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ताई, तू सांगितलेली जागाच सगळं सांगते. काँग्रेस गवतात पार्थेनिन नावाचं द्रव्य असतं. त्याची ॲलर्जी असणाऱ्याला गवत हातात धरावं लागतंच असं नाही. वाळलेल्या पानांचा भुगा आणि झाडावरची बारीक लव वाऱ्यानं उडते आणि उघड्या अंगावर बसते. म्हणून पापण्या, मान, गळा, कोपराच्या घड्या. पापणीची कातडी सगळ्यांत पातळ, म्हणून सूज तिथं आधी दिसते. कपड्याखालचं अंग स्वच्छ आहे, हीच खूण. उष्णतेनं उठलेल्या घामोळ्या उलट झाकलेल्या, घाम साचणाऱ्या जागी येतात.

बाकीच्या बायकांना झालं नाही यात नवल नाही. ही ॲलर्जी सगळ्यांना नसते. वर्षानुवर्षं गवत उपटणाऱ्या माणसालाही एखाद्या साली अचानक सुरू होते आणि एकदा सुरू झाली की पुढच्या प्रत्येक वेळी अंग लवकर पेटतं.

आता काय करायचं ते.

शेतात घातलेलं लुगडं, ब्लाऊज, डोक्याला बांधलेलं फडकं वेगळं धुवा. डोक्यावरून आंघोळ करू द्या, केसात भुगा अडकलेला असतो आणि रात्री उशीवर उतरून परत पापण्यांना लागतो. ही गोष्ट बहुतेक जण विसरतात आणि मग चार दिवस औषध लावून सूज का उतरत नाही म्हणून विचारतात. पाणी कोमट किंवा साधं गार. कडकडीत पाण्यानं तेवढ्यापुरतं बरं वाटतं, नंतर खाज दुप्पट होते. पुरळ उठलेल्या जागी साबण नको, बाकी अंगाला सौम्य चालेल.

जुन्या मऊ सुती धोतराचा तुकडा घ्या. पाणी उकळून गार करा, कापड त्यात भिजवून हलकं पिळा आणि मानेवर, मिटलेल्या डोळ्यांवर दहा-पंधरा मिनिटं ठेवा. कोरडं पडत आलं की परत भिजवा. दिवसातून तीन-चार वेळा. लस येणाऱ्या जागेला यानंच सर्वांत जास्त आराम पडतो. कापड दर वेळी धुतलेलं हवं, पापण्यांना वेगळं आणि मानेला वेगळं. बर्फ थेट कातडीवर धरू नका.

नंतर टिपून घ्या, घासू नका. जिथं कातडी फुटलेली नाही तिथं ओलसर असतानाच साधं पेट्रोलियम जेली किंवा घरचं शुद्ध खोबरेल लावा. सुगंधी तेल नको. कॅलामाइन कोरड्या खाजेवर चालतं, पण डोळ्यांजवळ आणि लस येणाऱ्या जागी नको.

डेटॉल, लिंबू, चुना-हळद, टूथपेस्ट, रॉकेल यातलं काहीही लावू नका. रॉकेल लावून भाजलेली माणसं मी बघितलीत. खाज जाते असं वाटतं, कारण आग खाजेला दाबते. खालची कातडी मात्र जळालेली असते.

आणि हे सगळं करत असतानाच डॉक्टरला दाखवा. पापण्या सुजल्यात, लस येतेय आणि शुगर आहे, तेव्हा घरच्या घरी थांबण्यासारखं हे नाही. पू दिसला, ताप आला, लाली गरम होऊन पसरायला लागली किंवा नजर धूसर वाटली तर त्याच दिवशी. ओठ-जीभ सुजली किंवा श्वासाला त्रास झाला तर १०८ ला फोन, कशाचीही वाट बघायची नाही.

डॉक्टर कन्नडभाषक असतील तर आईला एवढंच सांग, “तुरिके” म्हटलं की खाज आहे हे त्यांना कळतं. गवत काढायला गेल्यानंतर सुरू झालं हे मात्र तू स्वतः सांग. बायका तेच सांगायचं राहून जातात.

येळ्ळूरची_लेक

ताई, खूप आभार. केसांचं खरंच लक्षात आलं नव्हतं. आत्ताच आईला आंघोळीला पाठवलं. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. माझा भाचा आज्जीजवळच झोपतो, त्याला लागेल का? आणि त्या ट्यूबचं काय?

पीएचसीतली_ताई

नाही लागणार. ॲलर्जी एकाकडून दुसऱ्याला जात नाही. फक्त शेतातल्या कपड्यांनी त्याला जवळ घेऊ नये.

रात्री जास्त खाज, बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, कमरेला, आणि घरात दोघं-तिघं खाजवतायत असं असेल तर ती खरूज. तिचं सगळंच वेगळं. घरातल्या सर्वांनी, खाज असो नसो, एकाच रात्री परमेथ्रिन ५ टक्के मलम मानेखाली सर्वांगाला लावायचं, सकाळी धुवायचं, आठवड्यानं परत. अंथरूण-कपडे गरम पाण्यात. लहान बाळ किंवा गरोदर बाई घरात असेल तर आधी डॉक्टरला विचारून. एकट्यानं लावून खरूज जात नाही, घरातच फिरत राहते.

ट्यूबबद्दल आपल्या धाग्यावर औषध दुकानवाले दादा आहेत, तेच सांगतील.

मेडिकल_काउंटर

सांगतो. ही गोष्ट मला रोज सतावते.

त्या तीन नावांपैकी एक बुरशीचं, एक जंतूंचं आणि एक स्टेरॉइड असणार. क्लोबेटासॉल किंवा बेटामेथासोन लिहिलंय का बघा. असेल तर पापण्यांच्या जवळपासही नेऊ नका. जास्त ताकदीचं स्टेरॉइड डोळ्यांभोवती लावत राहिलं तर डोळ्यातला दाब वाढतो, मोतीबिंदू होऊ शकतो. चेहऱ्याची आणि जांघेची कातडी कागदासारखी पातळ होते, भेगांसारखे पांढरे पट्टे पडतात आणि ते परत जात नाहीत.

ही मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायची नसतात. तरी गावोगाव दिली जातात, कारण गिऱ्हाईक “खाजेची ट्यूब द्या” म्हणतं आणि लावल्यावर एका रात्रीत खाज थांबते. त्या एका रात्रीच्या आरामानंच माणूस फसतो. नायट्यावर तीच ट्यूब लावली की लाली आणि खाज दबते, पण आत बुरशी आरामात पसरते. नायट्याची कडा उठून दिसते आणि मधला भाग साफ असतो, ही त्याची ओळखण्याची खूण. ट्यूब लावून लावून ती खूणच पुसली जाते आणि मग तज्ज्ञालाही ओळखायला वेळ लागतो. पूर्वी थोड्या दिवसांत बरा होणारा नायटा आता महिनोन् महिने रेंगाळतो, त्यामागं हे एक मोठं कारण आहे. जांघेत, कमरेला चट्टे घेऊन आलेली कॉलेजची मुलं बघतो तेव्हा वाईट वाटतं. लाजेपोटी दाखवत नाहीत, मित्राची अर्धी ट्यूब वापरत राहतात.

पण म्हणून स्टेरॉइड वाईट असंही नव्हे. काँग्रेस गवताच्या ॲलर्जीवर योग्य ताकदीचं स्टेरॉइड, ठरलेले दिवस, हाच खरा इलाज आहे. कुठल्या जागी कुठलं आणि किती दिवस, हे डॉक्टरनं ठरवायचं, काउंटरवरच्या माणसानं नव्हे. मी स्वतः काउंटरवरचा माणूस आहे म्हणून ठामपणे सांगतो.

सेट्रिझिन ही ॲलर्जीची गोळी रात्री घेतली तर झोप लागायला मदत होते. अंगावर गांधी उठतात त्यावर तिचा उपयोग जास्त, या प्रकारच्या पुरळावर कमी. गुंगी येते, तेव्हा घेऊन गाडी चालवू नये. आईच्या शुगरच्या, बीपीच्या गोळ्या सांगूनच घ्या.

जांबोटीकर

आमच्या जंगलपट्ट्यातलंपण लिहून ठेवतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

थंडीत खाजकुयलीच्या शेंगा वाळल्या की वरची सोनेरी लव नुसत्या वाऱ्यानं उडते. गुरांमागं जाणारी पोरं तिच्यात सापडतात. लागली की हातानं चोळायचं नाही, चोळलं की कुसं आत जातात. कपडे उतरवायचे, चिकटपट्टी अंगावर दाबून उचलायची, परत नवी पट्टी, परत उचलायची. कुसं पट्टीला चिकटून येतात. मग भरपूर पाण्यानं धुवायचं. आमच्या भागात जुनी माणसं शेण लावून वाळवून काढायची. तत्त्व तेच, पण खाजवलेल्या अंगावर शेण म्हणजे धनुर्वाताचा धोका, तेव्हा पट्टीच बरी. ऊसतोडीला जाणाऱ्यांना पाल्याची कूस लागते, तिलाही हीच पट्टी चालते.

उन्हाळ्यात काजू. इकडं खानापुरात आणि पलीकडं चंदगडात बोंडापासून बी पिळून काढताना किंवा घरी बिया भाजताना टरफलातलं तेल उडतं. त्यानं कातडी काळी पडून सोलते. बिब्ब्याचंही तसंच, दोघं एकाच कुळातले. हाताला आधी खोबरेल चोळून काम करणाऱ्या बायका शहाण्या. उडालंच तर लगेच साबणपाण्यानं धुवा, ताटकळू नका. भाजायच्या वेळी धुरासमोर तोंड धरू नका, धुरातूनही लागतं.

तिसरा एक लाल-काळा लांबोडका किडा. मुंगीपेक्षा थोडा मोठा, पावसाळ्यात भातशेताजवळच्या घरात ट्यूबलाइटला येतो. तो चावत नाही. मानेवर बसला आणि आपण हात मारून चिरडला की त्याच्या अंगातला रस लागतो, आणि दुसऱ्या दिवशी चटका दिल्यासारखी लांब लाल रेघ उठते, वर फोड. माणसं त्याला नागीण समजून घाबरतात. फुंकर मारून उडवा. चिरडलाच तर साबणानं धुवा आणि तो हात डोळ्याला लावू नका. झोपायच्या आधी दिवा बंद, मच्छरदाणी खोचलेली.

हिंडलगा_मास्तर

नागिणीचा विषय निघाला म्हणून. आमच्या गल्लीत आजही नागीण झाली की कुंभाराकडं नेऊन गेरू लावतात आणि दोन्ही तोंडं जुळली तर माणूस जातो असं म्हणतात. माझ्या मोठ्या बहिणीला झाली तेव्हा सगळं घर त्याच भीतीनं गप्प झालं होतं. याबद्दल ताईंनी लिहावं.

पीएचसीतली_ताई

मास्तर, लिहिते. नागीण म्हणजे लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचाच विषाणू, नसेत दबून राहिलेला, म्हातारपणी किंवा अंगातली ताकद कमी झाली की परत उठतो. एकाच बाजूला, पट्ट्यासारखा, आधी आग आणि ठणका, मग फोड. तो नसेच्या वाटेनं जातो म्हणून सहसा मध्यरेषा ओलांडत नाही. जुळल्यानं कुणी मरत नाही.

गेरू लावल्यानं गार वाटत असेल, पण त्यात वेळ जातो, आणि तिथंच नुकसान आहे. अॅसायक्लोव्हिरसारखी गोळी फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सर्वांत चांगला उपयोग होतो. फोड गेल्यावर महिनोन् महिने राहणारा ठणका हा नागिणीचा खरा त्रास. कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, डोळ्याजवळ उठली तर डोळ्याला धोका असतो, त्या दिवशीच दाखवा. कुंभारदादांबद्दल आदर ठेवून सांगते, आधी दवाखाना.

उद्यमबाग_लेथ

दोन्ही हातांच्या पाठीवर कोरडी इसब, भेगा. मशीनच्या कूलंटनं होतं असं वाटतं, सुट्टीच्या दिवसात बरं असतं. काय करू?

पीएचसीतली_ताई

दादा, सुट्टीत बरं वाटतं यातच तुमचं उत्तर आहे. कामावरून सुटताना हात वाळूच्या किंवा कपड्याच्या पावडरीनं, थिनरनं साफ करता का? आधी ते थांबवा. साधा साबण, मग टिपून लगेच पेट्रोलियम जेली. कामावर नायट्राइल हातमोजे, पण फिरत्या मशीनजवळ हातमोजा अडकून अपघात होतो, तेव्हा कुठं घालायचे ते सुपरवायझरला विचारूनच. तज्ज्ञाकडं पॅच टेस्ट करून घ्या, म्हणजे संशय असलेली द्रव्यं पट्टीनं पाठीवर चिकटवून ॲलर्जी कशाची ते बघतात.

निपाणी_शिवार

येळ्ळूरच्या ताई, औषधाचं झालं. आता गवताचं बोलू, नाहीतर पुढच्या पावसात आई परत त्याच बांधावर.

हे गवत आपल्याकडचं नव्हे, मूळ अमेरिका खंडातलं. १९५०च्या दशकात पुण्यात दिसल्याची नोंद आहे, आणि बाहेरून आलेल्या गव्हाबरोबर आलं असं मानतात. एका झाडाला हजारो बिया धरतात, त्या वाऱ्यानं, पाण्यानं, गाड्यांच्या चाकाला लागून जातात. म्हणून रस्त्याच्या कडेला, गटारीच्या काठाला आणि पडीक प्लॉटमध्ये आधी दिसतं, तिथून बांधावर येतं.

तुमच्याकडं काढायची वेळ चुकली. पांढरं फूल दिसलं की उशीर झाला. तेव्हा उपटलं तर बी तिथंच सांडतं आणि भुगाही जास्त उडतो. रोप वीतभर असताना, पाऊस पडून जमीन ओली असताना, मुळासकट काढायचं. ओल्या जमिनीतून सहज येतं आणि ओलं गवत उडत नाही. फुलाआधीचं गवत कंपोस्टच्या खड्ड्यात टाकता येतं. फुलावर आलेलं टाकू नका, आणि वाळलेलं पेटवूही नका.

ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी काढायचंच नाही. लांब राहायचं. बाकीच्यांनी रबरी हातमोजे, पूर्ण बाहीचा शर्ट, तोंडाला फडकं. साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालून आमच्या बायका जातात, तेवढ्यानं पुष्कळ फरक पडतो.

हे गवत खाणारे भुंगेही आहेत. मेक्सिकोतून आणून १९८४ मध्ये बेंगळुरूला सोडले, तिथून पसरले. पिवळट-पांढऱ्या पाठीवर तपकिरी वेड्यावाकड्या रेघा. पावसाळ्यात पान चाळणीसारखं दिसलं तर तेच आहेत, त्यांच्यावर औषध मारू नका. पूर्ण निर्मूलन त्यांच्यानं होत नाही, पण फूल कमी धरतं. पडीक जागेत टाकळा दाट येऊ दिला तर काँग्रेस गवताला जागा उरत नाही, आणि कोवळ्या टाकळ्याची भाजी होते ते वेगळंच.

मिठाचं पाणी मारा असं कुणी सांगेल. गटारीकडेला, मोकळ्या फरशीच्या फटीत ठीक. भाताच्या बांधावर कधीही नको, जमीन खराब होईल.

येळ्ळूरची_लेक

सगळ्यांना कळवते. काल सिव्हिलच्या स्किन ओपीडीत नेऊन आले. गर्दी होती, पण डॉक्टरांनी बाहीपर्यंत हात बघून पहिला प्रश्न गवताचाच विचारला. मानेला एक मलम, पापण्यांना वेगळं सौम्य, दोन्ही ठरावीक दिवस, आणि लस येते तिथं ताईंनी सांगितलं तसंच ओलं कापड. साखर तपासली, गोळ्या चालू ठेवा म्हणाले. पॅच टेस्ट पुरळ पूर्ण गेल्यावर करतील. घरातली ट्यूब दाखवली, ती लावू नका म्हणाले. सूज बरीच उतरलीय आणि रात्री झोपली.

एक विचारायचं राहिलं. आता गणपती येतोय, आई दरवर्षी शेवंतीच्या वेण्या स्वतः करते. चालेल का?

पीएचसीतली_ताई

बरं वाटलं ऐकून. शेवंती आणि काँग्रेस गवत एकाच कुळातले, सूर्यफूलही. गवताची ॲलर्जी असलेल्या काहींना शेवंतीनंही उठतं. यंदा वेण्या तू कर. आईनं दुर्वांच्या जुड्या बांधाव्यात. पॅच टेस्टच्या वेळी डॉक्टरांना शेवंतीचं आवर्जून सांग.

वडगावची_आज्जी

आणि जास्वंद आहे की वो गणपतीला.

निपाणी_शिवार

ताई, बांधावर यंदा बी सांडलंय, म्हणजे रब्बीचं पाणी दिलं की परत उगवणार. मसूर, वाटाणा पेरायच्या आधी एक फेरी मारून ठेवा. आमच्याकडचे जाड रबरी हातमोजे निपाणीच्या बाजारात मिळाले, बेळगावात खडेबाजारला बघा. आईच्या हाताचं माप घेऊन जाऊ नका, तिला पाठवायचंच नाहीये. तुमच्या मापाचे घ्या.